शाळेच्या आवारात ताम्रपाषाणयुगीन घर: गोल की चौकोनी, आणि कोल्हापूरच्या पावसात टिकेल का?

नमस्कार सर. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शाळेत 30 बाय 40 फुटांची मोकळी जागा आहे आणि सातवी-आठवीच्या मुलांना हाताशी धरून तिथे 'आदिमानवाचे घर' बांधायचे आहे. घर गोल घ्यावे की चौकोनी, भिंतींवर वारली चित्रे काढावीत का, पाया सिमेंटचा केला तर चालेल का, ब्रह्मपुरीला सापडलेल्या घरांचा नमुना घेता येईल का, आणि मुख्य म्हणजे ते पावसाळ्यात उभे राहील का.

खरी अडचण मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. उत्खननात घर कधीच सापडत नाही. सापडते ती जमीन, चूल, खांबांचे खळगे आणि फार तर गुडघ्याएवढी भिंत. त्याच्या वरचे सगळे, म्हणजे छपराचा उतार, दाराची उंची, खिडकी होती की नव्हती, हा अभ्यासकांनी बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे 'अस्सल दिसेल कसे' हा विचार बाजूला ठेवा. कुठला भाग पुराव्याचा आणि कुठला आपल्या अंदाजाचा हे आधी ठरवा आणि बांधताना ते मुलांना सांगत राहा. एवढे केले की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

आधी काळ नक्की करू. ब्रह्मपुरीची टेकडी पंचगंगेकाठी असल्याने तुम्हाला जवळची वाटणे साहजिक आहे. पण 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे जी घरे उजेडात आणली, ती सातवाहन काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, भाजक्या विटांची आहेत. तोवर लेख कोरले जात होते, नाणी पाडली जात होती, थेट रोमपर्यंत व्यापार चालू होता. टाउन हॉलच्या संग्रहालयातली समुद्रदेवतेची छोटी ब्राँझमूर्ती त्याच टेकडीची. मुलांना ती जरूर दाखवा, पण आपल्या घराशी तिची सांगड घालू नका. 'आदिमानव' हा शब्दही काढून टाका. आपण ज्यांचे घर बांधणार आहोत ते ताम्रपाषाणयुगातले, म्हणजे दगडाच्या जोडीला तांबे वापरात आलेल्या काळातले, शेतकरी होते. सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकवत, गायी-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या पाळत, चाकावर मडकी घडवत आणि थोडेफार तांबे वापरत. लिहिणे तेवढे त्यांना येत नव्हते.

महाराष्ट्रात अशा घरांचा सर्वांत भक्कम पुरावा इनामगावचा. हे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी आहे. घोड भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, म्हणजे पंचगंगेचे पाणी शेवटी ज्या नदीत जाते तिच्याच खोऱ्यातले. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने तिथे खणले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामातली मुख्य नावे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. वस्तीचे तीन काळ मानतात (माळवा आणि जोर्वे ही त्या काळच्या शेतकरी संस्कृतींची नावे): माळवा संस्कृतीचा साधारण इ.स.पू. 1600 ते 1400, पूर्व जोर्वेचा 1400 ते 1000 आणि उत्तर जोर्वेचा 1000 ते 700.

'गोल की चौकोनी' याचे उत्तर या तारखांतच आहे. पूर्व जोर्वे काळात घरे ऐसपैस आणि चौकोनी, साधारण 5 बाय 3 मीटर, ओळीने मांडलेली. उत्तर जोर्वे काळात गोल झोपड्या, व्यास 3 मीटरच्या आसपास, एकेका अंगणाभोवती दोन-चार. मुलांना वाटेल की आधी साधी गोल झोपडी आणि मग प्रगती होऊन चौकोनी घर. इनामगावात झाले ते नेमके उलट. ढवळीकरांची मांडणी अशी की इ.स.पू. 1000 च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती बेभरवशाची झाली, लोक गरीब झाले आणि गुराढोरांमागे फिरू लागले. जो वर्षातून काही महिनेच एका जागी राहणार, तो भक्कम भिंती कशाला घालेल? तुमच्या भागात याचे उदाहरण दर हंगामाला दिसते. कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात आणि गाळप संपले की मोडतात. बांबू, पाचट, दोर आणि एक दिवसाचे काम. कोपी बांधणाऱ्याला पक्के घर बांधता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. त्याला ते तिथे नको असते एवढेच.

माझा सल्ला असा: जागा दोन्हींना पुरते, म्हणून पहिल्या वर्षी गोल झोपडी बांधा आणि दुसऱ्या वर्षी शेजारी चौकोनी घर. गोल झोपडीला आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, लागत नाही. दहा-बारा काठ्या वर्तुळात रोवून माथ्याशी बांधल्या की सांगाडा तयार, आणि साहित्य चौकोनी घराच्या तिसऱ्या हिश्श्यात भागते. कुडावर (काठ्या विणून केलेल्या भिंतीवर) माती कशी चढते याचा सराव तिथेच होऊन जातो. एकच बांधणे जमणार असेल तर मात्र चौकोनी बांधा, कारण वर्ग आत बसवता येतो. पुढचे माप चौकोनी घराचे आहे. कोल्हापूरचे सुतार-गवंडी फुटात बोलतात, म्हणून 5 बाय 3 मीटरचे 16 बाय 10 फूट धरतो.

जागा निवडताना काळ्या जमिनीवर बांधू नका. काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात रोवलेले खांब दोन हंगामांत ढिले होतात. मुरमाड, थोडी उंच जागा बघा. तशी नसेल तर मुरूम टाकून 9 इंच ते फूटभर भर घाला आणि धुमसाने चोपून घ्या. इनामगावात जमिनीखाली खोल खड्डा खणून केलेली घरेही मिळाली आहेत, पण त्या वाटेला जाऊ नका. शिरूर अवर्षणाचा पट्टा. कोल्हापूर शहरात पाऊस तिथल्या साधारण दुप्पट. जुलैत तुमच्या खड्ड्यात बेडूक नांदतील.

सिमेंटचा पाया नको. कारण अस्सलपणाचे नाही, बांधकामाचे आहे. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. खाली सिमेंट असले की ओल तिथेच अडते, भिंतीचा तळ मऊ होतो आणि माती पापुद्र्याने सुटत जाते. खांब सिमेंटमध्ये पुरले तर पाणी लाकडाभोवती साचते आणि नेमके जमिनीलगत लाकूड लवकर कुजते. खळगा दगडांच्या कपच्यांनी आणि मुरमाने ठासून भरावा.

लाकूड असे लागेल. आढ्याखालच्या मेढी (उभे लाकडी खांब) 3, प्रत्येकी 12 फूट, त्यातले 2 फूट जमिनीत. दोन्ही लांब बाजूंना चार-चार फुटांवर पाच-पाच, म्हणजे 10 मेढी, प्रत्येकी 7 फूट, त्यातले 2 फूट जमिनीत. दारासाठी आणखी एक. सगळ्या दुबेळक्याच्या (वरच्या टोकाला दोन फाटे असलेल्या) बघा, म्हणजे वरचे लाकूड बेळक्यात बसते आणि खिळा लागत नाही. जाडी आढ्याखाली 5 ते 6 इंच, बाकीच्या 4 इंच. बाभूळ मिळाली तर उत्तम. निलगिरी स्वस्त आणि सरळ, पण ती ऑस्ट्रेलियाची आणि तिला वाळवी लगेच लागते. वापरलीच तर फलकावर तसे लिहा. पुरायचा भाग वरवर जाळून काळा केला तर थोडा फायदा होतो, फार नाही.

आढे 19 फूट. एवढे सलग लाकूड मिळत नसेल तर 10 फुटांचे दोन तुकडे मधल्या मेढीवर जोडा. बाजूच्या मेढींवर तसेच 19-19 फुटांचे दोन दांडे. वासे बांबूचे, 10 फुटी, दीड फुटावर एक, दोन्ही पाख्यांना (छपराच्या उतारांना) मिळून 28. चिवा ही बांबूची जात मिळाली तर तो भरीव असतो आणि वाशाला चांगला. वाशांवर आडव्या चिंबाट्या (चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या) 9-10 इंचांवर. 20 फुटी बांबू चार भागांत चिरला तर सहा-सात बांबूंत काम होते.

बांधायला सुतळी चालेल, पण शक्य असेल तर अंबाडीचा दोर घ्या. घायपाताचा वाख आपल्याकडे सर्रास असला तरी घायपात अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे, इनामगावकरांनी ती पाहिलेली नाही. हाच नियम सजावटीला. प्रदर्शनाच्या दिवशी कोणीतरी हमखास दारावर लाल मिरच्यांची माळ आणि मक्याची कणसे टांगतो. दोन्ही अमेरिकेची. टांगायचेच असेल तर सातूच्या ओंब्या टांगा, बोरे ठेवा.

छपराचा उतार 45 अंशांपेक्षा कमी नको. इथे सगळ्यात जास्त घरे बिघडतात. कमी उतार दिसायला बरा आणि गवत कमी लागते, पण पाणी गवताच्या काडीवरून ओघळून जाण्याऐवजी आत मुरते, छप्पर कुजते, आणि भिजून जड झाल्यावर वासे वाकवते. आढे 10 फुटांवर आणि बाजूचे दांडे 5 फुटांवर घेतले की घराच्या निम्म्या रुंदीला, म्हणजे 5 फुटांना, 5 फुटांचा चढ मिळतो आणि उतार बरोबर 45 अंशांचा येतो. वळचण दीड फूट बाहेर काढा. तिची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर येईल, म्हणजे वाऱ्यासोबतचा तिरपा पाऊसही भिंतीच्या मोठ्या भागाला लागणार नाही. अर्थात लांब बाजूने आत जाणाऱ्याला कंबरेत वाकावे लागेल, म्हणून दार आखूड बाजूला, मधली मेढ आणि कोपरा यांच्यामध्ये, अडीच फूट रुंदीचे ठेवा. दाराची ही जागा माझी सोय आहे, इनामगावचा पुरावा नाही. फलकावर हेही लिहा.

शाकारायला कुसळी किंवा तसलेच जाडसर डोंगरी गवत, कार्तिकात कापलेले, पूर्ण वाळलेले. दोन्ही पाखी मिळून क्षेत्र 350 चौरस फूट भरते. 6 ते 8 इंचांचा थर द्यायचा तर चारशे ते पाचशे किलो गवत लागते. भाताचे पिंजार फुकट मिळेल म्हणून घेऊ नका: ते मऊ, पाणी धरते, एका पावसाळ्यात काळे पडते आणि मोकाट गुरे वळचण ओढून खातात. उसाचे पाचट त्याहून बरे, पण हलके असल्याने वाऱ्याने उचलले जाते, त्यामुळे वरून आडव्या काठ्यांनी दाबून बांधावे लागते. शाकारणी वळचणीकडून सुरू करून आढ्याकडे जायची, प्रत्येक पेंढी खालच्या पेंढीवर निम्म्याहून जास्त चढवत. शेवटी आढ्यावर दोन्ही पाख्यांची टोके एकमेकांवर दुमडून त्यावर गवताचा जाड वळा घट्ट बांधा. पहिली गळती नेहमी आढ्यावर सुरू होते.

आता एक क्रम, जो चुकला तर सगळे चुकते: आधी छप्पर, मग भिंती. मुलांना (आणि गवंड्यांनाही) हे उलटे वाटते, कारण विटांच्या घरात भिंत छप्पर पेलते. इथे भार मेढींवर असतो, भिंत नुसता आडोसा. छप्पर आधी झाले की माती सावलीत सावकाश वाळते आणि भेगा कमी पडतात. अवकाळी आला तरी काम वाया जात नाही.

भिंतीचे दोन भाग करू. खाली फूटभर उंच, सव्वा फूट जाड मातीची बुटकी भिंत, वर चार फूट कूड. बुटक्या भिंतींचे अवशेष इनामगावला मिळाले आहेत. वरच्या कुडाचा अंदाज खळग्यांवरून येतो. शिवाय अशा वस्त्यांत कुठे घर जळले असेल तर कुडाची माती विटेसारखी भाजून निघते आणि तिच्यात काठ्या-बांबूंचे ठसे राहतात. आगीमुळे टिकलेला पुरावा, असे मुलांना सांगा. त्यांना ते आवडते.

कुडाच्या उभ्या काठ्या अंगठ्याएवढ्या जाड, 4 ते 5 इंचांवर, 6 इंच जमिनीत रोवलेल्या. दार सोडून घराचा घेर जवळपास 50 फूट, म्हणजे सुमारे 130 काठ्या. कारवी सरळ आणि उत्तम असते, पण ती जंगलातली. वनखात्याला न विचारता तोडू नका. काठ्या रोवल्यावर त्यांच्या बुंध्याभोवती बुटकी भिंत घाला, एका दिवसात 4-5 इंचांपेक्षा जास्त थर न देता. मग तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काठ्या) आडव्या विणा, टोपली विणतात तशा, एक पुढून एक मागून. एका एकराच्या तुराट्या भरपूर होतात. विणताना मुले चढाओढीने घट्ट विणतात आणि तिथेच फसतात. दोन तुराट्यांमध्ये बोट जाईल एवढी फट हवी. दोन्ही बाजूंनी थापलेली माती त्या फटीत एकमेकीला भिडली पाहिजे. फट नसेल तर माती नुसती वर चिकटते आणि वाळली की अख्खा पोपडा एकदम खाली येतो.

मातीचा हिशेब: बुटकी भिंत साधारण 62 घनफूट, कुडावरची माती 3 इंच जाडीने 50, जमीन सहा इंच धरली तर 80. मिळून 192 घनफूट. चोपून दबते, वाळून आकसते, म्हणून सैल माती दीडपटीच्या जवळ लागते. तीन ब्रास, म्हणजे 300 घनफूट, सांगा.

माती कुठून आणायची याबद्दल एक कळकळीची विनंती. गावात कोणीतरी म्हणेल, 'पांढरीची माती आणा, भिंतीला तिच्यासारखी माती नाही.' ते खरेही आहे. पण पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. राख, शेण, पडलेल्या भिंती कुजून ती माती झालेली असते. प्राचीन घर दाखवण्यासाठी प्राचीन घरांचेच अवशेष ट्रॉलीत भरून आणणे यासारखा विनोद नाही. शेतातली किंवा गाळाची माती घ्या.

मिश्रणाचे ठाम प्रमाण मी देऊ शकत नाही, कारण करवीरची काळी आणि पन्हाळ्याकडची तांबडी माती एकसारखी वागत नाहीत. चाचणी सोपी आहे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवा आणि एक दिवस स्थिर ठेवा. तळाला वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती असे थर दिसतील. चिकणमाती एकूण थराच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असावी. निम्मी असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. सुरुवातीला दोन पाट्या माती, एक पाटी वाळू, एक पाटी भुसा किंवा बारीक तोडलेले काड आणि पाव पाटी शेण असे धरा. मग कुडाचे फूट-फूट चौरसाचे तीन तुकडे करून त्यांवर तीन वेगळी मिश्रणे लावा आणि चार दिवस सावलीत ठेवा. भेगेत एक रुपयाचे नाणे उभे शिरत असेल तर चिकणमाती जास्त आहे. बोट फिरवल्यावर भुगा पडत असेल तर वाळू जास्त. विज्ञानाच्या तासाचा प्रयोगही यातच होऊन जातो.

चिखल तुडवून कमीत कमी चार दिवस मुरू द्या, रोज पाणी शिंपडून पुन्हा तुडवा. थोडा आंबूस वास आला की तो चिकट झालेला असतो. लावण्याआधी तुराट्या ओल्या करा. कोरड्या काठ्या चिखलातले पाणी ओढून घेतात आणि माती सुटते. भिंतीच्या आत एक मुलगा, बाहेर एक, समोरासमोर, एकाच वेळी थापायचे. पहिला थर खडबडीत ठेवा, बोटांनी रेघा ओढा. तो आठ-दहा दिवस वाळेल आणि भेगा पडतील. घाबरू नका, दुसरा पातळ थर त्यासाठीच असतो. त्यात भुसा बारीक आणि शेण जास्त. मग सारवण. दिवाळीनंतर सुरुवात केली तर फेब्रुवारीत घर पुरे होते. मार्चमध्ये भिंतीचे काम काढले तर उन्हाच्या झळांनी माती वरून वाळते, आतून ओली राहते आणि फुटते.

जमीन दोन-दोन इंचांच्या थरांत चोपायची, प्रत्येक थर किंचित ओलसर करून, शेवटी शेणाने सारवून. आत चूल लंबगोल, खोलगट, कडेने मातीचा उंचवटा. कोपऱ्यात चार चपटे दगड चौकोनात ठेवा. इनामगावला मोठे चार पायांचे रांजण अशा दगडांवर ठेवत. बाहेर अंगणात 5 फूट व्यासाचा मातीचा गोल ओटा करून त्यावर धान्य साठवायची कणगी ठेवा. तुमच्या काही मुलांच्या आजीच्या घरी कणगी अजून असेल, ती तिथेच ओळखू येते. मोठ्या माणसाशिवाय आत चूल पेटवू नका. गवताचे छप्पर पेटले तर बादली शोधेपर्यंत सगळे संपते. घर शाळेच्या इमारतीपासून निदान 30 फूट दूर ठेवा, पाण्याचे पिंप आणि वाळू जवळ असू द्या. छपरावर मुलांना चढवू नका.

आता वारली चित्रे. काढू नका. वारली हा पालघर-ठाणे भागातला आजचा, हयात समाज आहे आणि ती त्यांची आजची कला आहे. तिला 'आदिमानवाची चित्रे' म्हणून लावले की इतिहास चुकतोच, शिवाय वारलींना आपण नकळत आदिमानव ठरवतो. इनामगावच्या भिंतींवर चित्रे होती याचा पुरावा नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाची चित्रे प्रस्तराश्रयांतल्या (खडकांच्या नैसर्गिक आडोशांतल्या) दगडावरची आहेत, कोकणातली कातळशिल्पे जांभ्याच्या सड्यावर खोदलेली. दोन्हींचे मातीच्या घराशी नाते नाही. विदर्भातली शिळावर्तुळेही अंगणात मांडू नका, ती लोहयुगातल्या दफनांची.

मग कला कुठे दाखवायची? मडक्यांवर. जोर्वे संस्कृतीचे नाव संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडले आणि तिची ओळखच मुळी मडक्यांवरून पटते: चाकावर घडवलेली, पातळ, नीट भाजलेली, टिचकी मारली की खणखणणारी, लाल पृष्ठभागावर काळ्या रेषांची. नक्षी भूमितीची: समांतर रेषा, नागमोडी, त्रिकोण, आडव्यातिडव्या रेघांनी भरलेले शंकरपाळे. आकार तीन पुरेत: कंबरेशी कोन असलेला वाडगा, उंच गळ्याचे मडके आणि तोटीचे भांडे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात विचारा. गणपतीच्या हंगामात जाऊ नका, कोणाला मान वर करायला फुरसत नसते. तोटी वेगळी करून भांडे ओलसर असतानाच जोडायची. वाळलेल्या अंगावर जोडली तर भट्टीत निखळते. नक्षी मुलांनी काढावी, पण आधी चाकावर भांडे फिरवून त्याला कुंचला टेकवून आडव्या रेषा घ्यायच्या, मग त्यांच्यामधली जागा भरायची. असे केले की नक्षी भांड्याच्या गोलाईला धरून का येते ते हाताला कळते.

दफनांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण मुले विचारतीलच. इनामगावात लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष मिळाला, शेजारी धान्यकोठार होते. सातवीच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. प्रतिकृती करायची की नाही ते पालकांना विचारून ठरवा.

आणि टिकेल का? वळचणीखाली पाणी जिथे टपकते तिथे वीतभर खोल चर खणून पाणी बाहेर काढलेत, दर वर्षी मे महिन्यात आढ्यावरचा वळा बदललात आणि महिन्यातून एकदा सारवलेत, तर चार-पाच वर्षे सहज. सारवणे थांबले की दुसऱ्या पावसाळ्यात भिंत खालून खचते. सगळ्यात आधी जातील त्या मेढी, जमिनीलगत कुजून. त्यांची दुरुस्ती होते: जुनीच्या शेजारी नवी रोवायची. उत्खननात एका जागी दोन-दोन खळगे जवळजवळ दिसतात, त्याचे एक कारण हेच असू शकते.

पाचव्या-सहाव्या वर्षी घर राखणे जमेनासे झाले तर ते पाडून साफ करू नका. छपराचे गवत काढून घ्या, बाकीचे पडू द्या आणि दोन पावसाळे त्यावरून जाऊ द्या. मग एका कोपऱ्यात 5 बाय 5 फुटांचा चौकोन आखून पुढच्या तुकडीला खुरपी आणि ब्रश घेऊन बसवा. मेढीच्या जागी मऊ, काळपट मातीचा गोल दिसेल, सारवलेली जमीन पातळ पापुद्र्यासारखी सुटेल, चुलीची जागा तांबडी निघेल. त्यांनी स्वतः नकाशा काढायचा: भिंत कुठे, दार कुठे, छप्पर कसे असेल. त्यासाठी तुमचा मूळ आराखडा, सगळ्या मापांसकट, आजच पाकिटात घालून चिकटवा आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. त्यांचा नकाशा पुरा झाल्याशिवाय ते उघडायचे नाही.